बर्फाची गोधडी

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. गाडीच्या मागे जोडायचं, मनाला येईल तिथे न्यायचं आणि आत संसार मांडायचा, असं चाकांवरचं छोटं घर. हल्ली कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतघराच्या आवारात मी नुसता उभा असतो. माझ्या गाद्यांत उंदरांनी बिऱ्हाड केलं आहे. मी त्यांना काही बोलत नाही. माझ्या आत दुसरं येतंच कोण?

कारखान्यात मला घडवलं ते उन्हाळ्यासाठी. भिंती बोटभर जाडीच्या, पाण्याच्या नळ्या पोटाखालून उघड्याच नेलेल्या. पण मला विकत घेतलं ऑरेस्टने, आणि त्याला वेड गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीचं. दर जानेवारीत तो आणि त्याची बायको मार्लीन मला तळ्याकाठी नेत. बर्फाला गिरमिटाने भोक पाडून तो गळ टाकून बसे. ती आत पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, उकडून कांद्याबरोबर परते. एकोणीस हिवाळे मी त्या दोघांना ऊब दिली. येणारेजाणारे म्हणत, "ट्रेलर कसला, राजवाडा आहे!" खोटं कशाला सांगू, मला ते ऐकायला फार आवडायचं.

शेवटच्या वर्षी पारा उणे चौतीसवर उतरला. पहिल्याच दिवशी नळ्या गोठल्या. ऑरेस्टचा बाप शेतकरी होता. कडाका पडला की तो घराभोवती बर्फाचा बांध घाली, म्हणजे खालून शिरणारं वारं अडे. ऑरेस्टने तेच केलं. फावड्याने बर्फ ओढून माझ्या खिडक्यांपर्यंत चोपून बसवला.

"बघ मार्लीन, म्हाताऱ्याला गोधडी पांघरली!"

"कुठल्या म्हाताऱ्याला? इथे दोन आहेत," ती म्हणाली.

पण बापाच्या घराचं धुराडं होतं छपरावर. माझ्या हीटरचं धुराडं बाजूच्या पत्र्यात आहे, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. ते बर्फाखाली गेलं. मी जिवाच्या आकांताने गरम हवा फेकत राहिलो, तेव्हा कुठे सकाळपर्यंत बर्फाला वाटीएवढं भोक पडलं आणि मला श्वास घेता आला. ऑरेस्टने ते भोक पाहिलं. धुराडं त्याच्या हिशेबाने दोन हात पुढे, बर्फाचा बांध संपतो त्याच्या पलीकडे होतं.

"अगं, इथून सगळी ऊब गळतेय!" असं म्हणून त्याने भोकात बर्फ ठासला, फावड्याच्या पाठीने थोपटला आणि वर बादलीभर पाणी ओतलं. बघता बघता त्याचा दगड झाला.

आता माझा धूर जाणार कुठे? हीटरच्या जुन्या भेगेतून तो आतच झिरपू लागला. त्यातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास. तो ओळखून कोकलणारं यंत्र भिंतीवर होतं. पण कांदा परतला तरी ते बोंब ठोकायचं, म्हणून ऑरेस्टने त्याची बॅटरी काढून रेडिओत घातली होती. त्याला हॉकीचा सामना ऐकायचा होता.

"ऑरेस्ट, माझं डोकं जड झालंय रे," मार्लीन म्हणाली. "बाहेर गेले की बरं वाटतं, आत आले की पुन्हा ठणकतं."

"मग दुखणं मीच आहे की! मी जातो तळ्यावर, तू बरी होशील."

ती हसली. तोही हसत गळ घेऊन गेला. ती "जरा पडते" म्हणून आडवी झाली.

मित्रांनो, माझ्या पोटात ती निजली होती आणि तिला मारणारा मीच होतो. मला ओरडता येत नाही. माझं दार तेवढं करकरतं, तेही कुणी उघडलं तर.

दुपारी ऑरेस्टने दार उघडलं. "मार्लीन, ऊठ, हा मासा बघ केवढा!" ती उठली नाही. त्याने तिला गदागदा हलवलं, हाका मारल्या. त्या हाका ऐकून शेजारच्या झोपडीतला लॉइड धावत आला.

"हलवत काय बसलास? आधी बाहेर काढ तिला! बाहेर!"

मासे ओढायच्या घसरगाडीवर घालून दोघांनी तिला उघड्या हवेत नेलं. पुढे दवाखाना झाला. ती वाचली. पण ती पूर्वीची मार्लीन परत आली नाही. सकाळी सांगितलेलं तिला दुपारी आठवत नाही, आणि तळ्यावरचे ते शेवटचे दिवस तर पार पुसले गेले आहेत.

अजूनही ती त्याचा हात धरून आवारात येते, माझ्या पत्र्यावरून हात फिरवते आणि विचारते, "ऑरेस्ट, यंदा कधी निघायचं तळ्यावर?"

"थंडी जरा कमी होऊ दे गं," तो म्हणतो. बाहेर जुलैचं ऊन असतं.

तो मला विकत नाही, आत पाऊलही टाकत नाही. मी त्याच्यावर रागावलेलो नाही. त्याने मला प्रेमानेच पांघरूण घातलं होतं. पण बाळांनो, कुणाला ऊब देताना त्याच्या श्वासाची वाट कुठे आहे ते नीट बघून घ्या. आणि घरातलं माणूस म्हणालं, "डोकं जड झालंय," तर आधी उठून दार उघडा. चेष्टा नंतरही करता येते.