नहूमचं तिसरं कडवं

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. तळहातावर मावते, पण अंगाने जड आहे. माझ्या पोटात आरशासारख्या चकचकीत तबकड्या आहेत आणि त्यांना न टेकता अगदी जवळून फिरणारा एक नाजूक काटा आहे. फिरणारा होता, असं म्हणायला हवं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची, कारण धुळीचा एक कण आत गेला तरी मी कामातून गेले असते. एवढ्या लाडात वाढलेली मी, आणि नशिबात काय आलं, तर थर्सडे बेट! ऑस्ट्रेलियाच्या पार वरच्या टोकाला, चहूबाजूंनी समुद्र. तिथं दारांच्या बिजागऱ्यासुद्धा खाऱ्या वाऱ्याने गंजून जातात.

मला मागवलं डॅमरिसने. ती शाळेत शिकवायची आणि आईवडील व मुलांसह टेकडीखालच्या घरात राहायची. वडिलांचं नाव नहूम, आईचं केझिया. बेटावर आजोबांना आथे आणि आजीला आका म्हणतात. घरातली नातवंडं तसंच म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते.

त्यांच्या कॉम्प्युटरात माझ्याआधीची एक डिस्क होती. मी तिला थोरली म्हणायचे. ती गळ्यापर्यंत भरली होती आणि एखादा फोटो आत घ्यायचा म्हटलं तरी कुरकुरायची. डॅमरिसने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटरचा डबा उघडला, मला थोरलीच्या खालच्या खणात स्क्रूने घट्ट बसवलं आणि वायरी जोडल्या.

"काय गं, चालतं यंत्र कशाला फाडून ठेवलंस?" आथेनी विचारलं.

"जागा वाढवतेय, बाबा. तुमच्या गाण्यांसाठी."

"मी अजून जिवंत आहे. आत्तापासूनच डब्यात भरतेस होय?"

"भर गं, भर," आका चुलीपाशी भाकरी उलटत म्हणाली. "निदान डब्याचं झाकण तरी लागतं. यांचं तोंड कुठं बंद होतंय?"

सगळे हसले. मला त्या घरात आल्याचा आनंद झाला.

आथे तरुणपणी मोत्यांचे शिंपले काढणाऱ्या बोटीवर होते. त्यांचा धाकटा भाऊ बुडी मारायला गेला आणि परत वर आला नाही. त्याच्यावर आथेनी नाचाचं गाणं रचलं होतं. पहिल्या कडव्यात वारा सुटतो. दुसऱ्यात भाऊ पाण्यात उतरतो आणि नाचणारे वाकत वाकत जमिनीला टेकतात. तिसऱ्यात आथेनी त्याला वर आणला होता. खऱ्या आयुष्यात जमलं नाही ते त्यांनी गाण्यात केलं होतं. ते कडवं म्हणताना त्यांचा आवाज चिरकायचा, म्हणून घरातही ते सहसा म्हणत नसत. डॅमरिसच्या कॅमेऱ्यासमोर मात्र त्यांनी ते पुरं म्हटलं.

"माझ्या थडग्याचा दगड उघडाल ना, तेव्हा हेच नाचायचं," ते म्हणाले. "मुलांना शिकव. नीट लक्ष दे."

"आहे ना रेकॉर्ड, बाबा! आता कुठं जातंय?" डॅमरिस म्हणाली. तिचं सगळं लक्ष कॅमेऱ्यात होतं.

त्याच आठवड्यात तिने आथेची सारी गाणी माझ्याकडे हलवली आणि थोरलीवरून पुसून टाकली. थोरली हलकी झाली, कॉम्प्युटर भराभर चालू लागला, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, मीही फुगले. जागा वाढली खरी, पण गाणं होतं एकाच ठिकाणी, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आथे वारले. आमच्या बेटावर माणूस गेल्यावर थडग्याचा दगड लगेच उभा राहत नाही. काही वर्षं तयारी चालते. मग कापडात गुंडाळलेला दगड सगळ्यांसमोर उघडतात, जेवणं होतात, नाच होतो. त्या दिवशी शोक संपतो. तोवर तो चालूच असतो.

आकाने लेकीला सांगितलं, "दगड उघडेपर्यंत तो आवाज घरात लावू नकोस. मी इथं तांदूळ धुत असले आणि ते मागून बोलले, तर माझं काही खरं नाही गं."

मुलांच्या हातून चुकून लागू नये म्हणून डॅमरिसने माझी वायर काढून ठेवली. मी थोरलीच्या खाली अंधारात पडून राहिले. थोरलीवर मुलांचा अभ्यास चालायचा, तिची घरघर मला ऐकू यायची. माझं अंग खाऱ्या हवेत गंजत होतं. काटा जागच्या जागी अडकून बसला. हाक मारायला मला तोंड नव्हतं.

अखेर दगड तयार झाला. मुख्य भूमीवरच्या केर्न्स शहराहून नातेवाईक बोटीने यायला लागले. मुलांना नाच शिकवायचा होता. आकाने केस विंचरले, फुलाफुलांचा झगा घातला आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसली.

"लाव," ती म्हणाली. "आता ऐकते."

डॅमरिसने वायर जोडली. मी जीव एकवटला. काटा सुटला तो तबकडीवरच घासला. टक, टक, टक. त्यापलीकडे मला काही जमेना.

"थांब हं आई, वायर सैल असेल."

"असू दे. ते कधी वेळेवर आलेत?" आका हसून म्हणाली.

थोड्या वेळाने तिचं हसू मावळलं. "आधीच्या डिस्कवर असेल की गं?"

"नाही आई. तिथून मीच काढलं. जागा व्हावी म्हणून."

डॅमरिस ओक्साबोक्शी रडली. मला विमानाने केर्न्सला पाठवलं. तिथल्या माणसाने उघडून पाहिलं आणि तबकड्या खरवडल्या गेल्यात, काही निघणार नाही, असा निरोप देऊन परत पाठवलं.

दगड उघडला त्या दिवशी मी डॅमरिसच्या पिशवीत होते. ढोल सुरू झाला आणि आका उभी राहिली. स्वयंपाक करता करता जे कानावर पडलं होतं, ते ती गायला लागली. वारा सुटला. दुसरं कडवं आलं, मुलं वाकत वाकत जमिनीला टेकली. आणि आका थांबली. ढोल वाजत राहिला, मुलं तशीच खाली बसून तिच्याकडे बघत राहिली. तिने पुन्हा तोंड उघडलं, पण शब्द आले नाहीत.

"पुढचं त्यांच्याकडेच राहिलं," ती म्हणाली, आणि दगडापाशी बसली.

मित्रांनो, नवी जागा मिळाली म्हणून जुनी रिकामी करू नका. जे हवं आहे ते दोन ठिकाणी ठेवा, आणि मधूनमधून उघडून बघा. पण त्याहीआधी, ज्याचं गाणं आहे तो माणूस समोर आहे तोवर त्याच्यापाशी बसा आणि तोंडपाठ करा. यंत्राच्या भरवशावर त्याच्याकडे पाठ फिरवू नका.

आका आता दर रविवारी चर्चहून आल्यावर मुलांना ती दोन कडवी शिकवते. मुलं छान नाचतात. वाकतात, जमिनीला टेकतात आणि नाच संपतो. मागाहून आलेल्या लहानग्यांना वाटतं, तो तेवढाच आहे. तो तेवढा नाही, मित्रांनो. पुढे भाऊ वर येतो. एवढं तुम्ही तरी लक्षात ठेवा.