अत्तेला कावळा शिवला

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी दुनिया माहेरी जाते म्हणे. असं म्हणणारे आमच्या मावीनकोप्पला कधी आलेले नसणार. इथे दुनिया येते. माझ्या दोन्ही नणंदांचं माहेर म्हणजे माझं सासर, आणि त्या माहेरी आल्या की मला माहेरी जाता येत नाही. हे गणित इतकं सोपं आहे की आमच्या ह्यांनाही कळतं. कळलं की ते सुपारीच्या बागेत निघून जातात.

शैलजा बंगळूरूहून येते, कुसुमा हुबळीहून. शैलजाची दोन, कुसुमाची जुळी दोन, आणि माझी मिथिला, अशी पाच पोरं एप्रिलच्या मध्यापासून घरात. सकाळी दोसे घालायला उभी राहिले की तवा साडेदहाला उतरतो. एकाला जाड हवा, एकाला कुरकुरीत, आणि शैलजाचा थोरला तेजस, वय वर्षं दहा, त्याला 'बंगळूरूसारखा' हवा. बंगळूरूसारखा म्हणजे कसा ते त्याला सांगता येत नाही. समोर आलेला तसा नाही, एवढंच सांगता येतं.

त्यात आमच्याकडे नात्यांची नावंही काटकसरीने ठेवलेली. सासूबाईंना मी अत्ते म्हणते, आणि नणंदांची पोरं मला अत्ते म्हणतात. घरात कुणी "अत्ते!" अशी हाक मारली की आम्ही दोघी मान वर करतो. उठते मात्र एकच.

यंदा मी दिवाळीपासूनच सांगून ठेवलं होतं. माझी बहीण भागीरथी आसामात असते, चहाच्या मळ्यावर. पाच वर्षांनी पोरांना घेऊन आली होती, आमच्या आयीकडे, घाटाखाली. इथून दोन बस बदलून पाच तास. रविवारी सकाळी तिची परतीची गाडी, आणि पुन्हा यायची ती अशीच कधीतरी पाच वर्षांनी. तिच्या धाकट्याला मी अजून पाहिलेलंसुद्धा नव्हतं. फोनवर तो मला 'फोनवाली मावशी' म्हणतो. मला चार दिवस हवे होते. चार! नणंदांना महिना मिळतो.

"जा की," सासूबाई म्हणाल्या. "नाही कोण म्हणतंय? हप्पळ झालं की जा."

हप्पळ म्हणजे फणसाचे पापड. आणि ते कधी होतं? झाडावरचा शेवटचा फणस उतरला की. आमच्या परड्यात फणसाची अकरा झाडं आहेत आणि त्यातल्या एकालाही माझी दया येत नाही.

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "बघू." आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि त्यातली नऊ तरी ह्यांनी 'बघू' या एका शब्दावर काढली आहेत. छप्पर गळतंय, बघू. मिथिलाला ताप आहे, बघू. बघतात कधी, ते मी अजून पाहिलेलं नाही.

तर पापड. फणस फोडायचा, हाताला तेल लावून चीक काढायचा, गरे सोलायचे, उकडायचे, मीठमिरची घालून कुटायचे, लाट्या करायच्या, केळीच्या पानावर थापायच्या आणि अंगणात चटयांवर वाळत घालायच्या. शैलजाला कंबरेचा त्रास आहे. तो फक्त घाटावर आल्यावर होतो, बंगळूरूच्या हवेत बरा असतो. ती खुर्चीवर बसून आमचे फोटो काढते आणि 'आयीच्या हातचे पापड' असं लिहून कुणाकुणाला पाठवते. कुसुमा मीठ बघते. कुटलेल्या पिठाचा एक गोळा तोंडात टाकते, डोळे मिटते, म्हणते, "अजून कळत नाहीये," आणि दुसरा गोळा टाकते. अशा रीतीने तिला मीठ कळेपर्यंत पंचवीस पापड कमी होतात. आणि परत जाताना मात्र दोघींचे डबे अगदी काठोकाठ लागतात.

पोरांकडे कावळे हाकलायचं काम होतं. चारजण दुसऱ्याच दिवशी पळाले. राहिली ती पुट्टी, शैलजाची धाकटी, पाच वर्षांची. आजोबांची मोडकी छत्री खांद्यावर आणि हातात पोफळीची काठी. सासूबाईंनी तिला सांगितलं होतं, "पुट्टी, एकही कावळा शिवता कामा नये हं!" पोरीने ते असं मनावर घेतलं की जेवायलाही अंगणातच बसायची. अख्ख्या घरात इमानाने काम करणारी तेवढी एकच, आणि मी दुसरी.

बुधवारी सकाळी मी चटईवर वाकून पापड उलटत होते. मागून सर्रकन कावळा आला. पंख फाडकन माझ्या डोक्यावर आपटला, नख्या अंबाड्यात अडकल्या, आणि सुटता सुटता मेल्याने एक पापडही उचलला. मी किंचाळले. पुट्टी काठी टाकून घरात धावली, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली, "कावळा शिवला! अत्तेला कावळा शिवला!"

स्वयंपाकघरातलं मुसळ थांबलं.

"अगं बाई!" कुसुमाचा आवाज, तोंडात पीठ. "आत्ताच?"

"नागवेणी!" सासूबाई आतूनच गरजल्या. "तिथेच थांब! उंबरा ओलांडू नकोस!"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ सांगते, 'अहो, कावळा म्हणजे कावळा, खराखुरा, काळा' एवढं सांगायलाच उघडलं होतं. पण उघड्या दारातून मला ओटीवरची फणसांची रास दिसली. शैलजाची खुर्ची दिसली. मी तोंड मिटलं. खोटं मी बोलले नाही. खरं बोलायची घाई केली नाही, इतकंच.

"मग चटईवरच्या पापडांचं काय?" कुसुमाने विचारलं.

"वाळत पडलेल्याला दोष नसतो," सासूबाई म्हणाल्या. एवढे पापड टाकून द्यायचं शास्त्र आमच्या घरात नाही.

आणि मी ओटीच्या बाजूच्या खोलीत जाऊन बसले. एक चटई, एक कांबळं, वेगळं ताट, वेगळा पेला. बायकांना तीन दिवस बाजूला बसवायचं ज्याने कुणी काढलं, त्याने ते आम्हाला कमी लेखायलाच काढलं असणार. त्याचा मला संताप येतो. एरवी आमच्याकडे ते बरंच सैलही झालंय. पापड-लोणच्यांच्या दिवसांत मात्र सासूबाईंना एकदम सगळं सोवळं आठवतं. पण त्या सकाळी मी पाय लांब करून भिंतीला टेकले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला कषाय, आमचा धणे-जिऱ्याचा गरम काढा, आणून दिलं. कुसुमाने. लांबून सरकवलं, अर्धं सांडलं, पण दिलं!

खोलीला अंगणाकडे खिडकी आहे. तिच्यातून मी जे पाहिलं ते काय सांगू! शैलजा तेल न लावताच फणसात हात घालून बसली. मग चीक लागलेल्याच हाताने तिने केस मागे सारले. मग फोन उचलला. फोन, केस आणि शैलजा असे तिघे दुपारपर्यंत एकमेकांना चिकटून होते. कुसुमाला आता मीठ एका गोळ्यात कळायला लागलं, कारण लाट्या तिलाच करायच्या होत्या. तिने थापलेले पापड बघून सासूबाई म्हणाल्या, "कुसुमे, हे पापड की दोसे?"

"मग कर तूच!"

"मीच करतेय पहाटेपासून!"

पोरांनी तर कहर केला. तेजस खिडकीशी आला. "अत्ते, तू आत का बसलीस?"

"कावळा शिवला म्हणून."

"मग काय होतं?"

"मग काही काम करायचं नसतं."

झालं! दहा मिनिटांत तेजसलाही कावळा शिवला. त्याने गणिताची वही मिटली. जुळ्यांना शिवला, त्यांनी आंघोळ नाकारली. माझ्या मिथिलाला शिवला. तिने ताट उचललं नाही. दुपारी चारही पोरं ओटीवर रांगेत बसून वेगळी ताटं मागत होती, आणि सासूबाई कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "शिव शिव, पुरुषांनासुद्धा!"

पुट्टी तेवढी दिसली नाही.

संध्याकाळी मी डाव टाकला. "अत्ते," मी खिडकीतून म्हटलं, "नाहीतरी मी इथे निरुपयोगीच. आयीकडे जाऊन बाजूला बसले तर तुमचा वाढण्याचा तरी त्रास वाचेल."

सासूबाई विचार करायला लागल्या. पण शैलजा आपल्या आयीच्या कानाशी लागली. "आणि शनिवारी न्हाऊन मोकळी झाली की? अजून अर्धी रास पडलीय! आयी, मला नाही जमायचं हे. अत्तिगेला कुठेही जाऊ देऊ नकोस." अत्तिगे म्हणजे वहिनी, म्हणजे मी.

"खरंच की," सासूबाई म्हणाल्या. "असल्या वेळी प्रवास बरा नव्हे, नागवेणी. विश्रांती घे. शनिवारी बघू."

आता ह्यांचा शब्द त्यांच्याही तोंडात! मी कपाळ बडवून घेतलं. चांगली सकाळीच भांडून निघाले असते, तर बोलणी खाल्ली असती पण गेले असते. आता शनिवारपर्यंत या खोलीत, शनिवारी फणसात, आणि रविवारी भागीरथी गाडीत. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मागे तिचा धाकटा विचारत होता, "फोनवाली मावशी येणार ना?" मला 'नाही' म्हणवेना. मी खूप रडले. कषायाचा सगळा आनंद धुऊन गेला.

गुरुवारी सकाळी दाराशी मुसमुसणं ऐकू आलं. पुट्टी होती. हातात काठी, डोळे सुजलेले.

"अत्ते, माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मी फक्त पाणी पीत होते. तेवढ्यात तो आला. माझ्यामुळे तुला कोंडलं."

"नाही गं राजा, तुझ्यामुळे काही नाही—"

पण ती थांबली तर ना! माझी शिक्षा माफ करून घ्यायला ती तडक अज्जीकडे गेली, आणि मला खिडकीतून शब्द न् शब्द ऐकू आला. "अज्जी, अत्तेला सोड! थोडासाच शिवला. पंख लागला, इथे, डोक्याला. नखं केसांत अडकली. मग पापड घेऊन उडाला. आंब्यावर बसून खाल्लान्. मी पाहिला!"

मुसळ पुन्हा थांबलं. सासूबाई ओटीवर आल्या, माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी उठून उभी राहिले.

"कुठे शिवला?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"डोक्याला."

"आणि तू बसलीस."

"मला कुणी विचारलंच नाही, कुठला कावळा ते." मग माझा बांध फुटला. "आणि खरं सांगू? एरवी मला कोण बसू देतं? तुमच्या मुली महिनाभर आयीच्या घरी लोळतात. मलाही आयी आहे, अत्ते. मी काय फणसातून निघाले?"

आता आकाश कोसळणार म्हणून मी वाट पाहिली. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. आत दोघी भांडत होत्या, उकडीचं पातेलं कुणी उतरवायचं त्यावरून. शैलजा म्हणत होती, "आयी येईल, ती उतरवेल." कुसुमा म्हणत होती, "मग बोलाव ना तिला!"

सासूबाईंचे हात चिकाने काळे झाले होते. त्या दोन्ही हातांकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं.

"सोळाव्या वर्षी आले मी या घरात," त्या म्हणाल्या. "चार नणंदा. वैशाखात मला महिन्यातून दोनदा कावळा शिवायचा."

मी नकळत बोटांवर दिवस मोजले.

"माझ्या सासूलाही बोटांवर दिवस मोजता येत होते. पण ती बोलली नाही कधी." त्यांनी पदराला हात पुसले. "पिशवी भर."

मग ओटीवरूनच त्या ह्यांच्या नावाने कडाडल्या. "सुब्राया! अरे हिला खराच कावळा शिवला, डोक्याला! केवढा अपशकुन! इडगुंजीच्या गणपतीला नारळ द्यायला हवा, आणि तो तिनेच जाऊन द्यायला हवा. देऊळ हिच्या आयीच्या वाटेवरच आहे. रविवार संपल्याशिवाय परत यायचं नाही."

"आयी!" आतून दोन किंकाळ्या आल्या.

हे खांब धरून उभे होते. "बघू," म्हणाले, "दुपारी गाडी—"

"बघू नकोस. गाडी काढ."

अकरा वर्षांत मला हे वाक्य सुचलं नव्हतं. मी मिथिलाला गोळा केलं, पुट्टीचे पटापट मुके घेतले, आणि तिच्या कानात सांगितलं की सगळ्या घरात शहाणी तूच आहेस. तेवढ्यात सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं, काठी पुन्हा हातात दिली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरीचा चेहरा एकदम खुलला.

गाडी फाटकापर्यंत गेली असेल नसेल, तोच मागून तीच खणखणीत आरोळी आली. "कावळा शिवला! अज्जीला कावळा शिवला!"

मी काच खाली करून मान बाहेर काढली. सासूबाई ओटीच्या बाजूच्या खोलीत, माझ्याच चटईवर, पाय लांब करून, भिंतीला टेकून बसल्या होत्या. दारात शैलजा उभी, चिकट केस पिंजारलेले.

"आयी, काहीतरीच काय! पासष्टाव्या वर्षी?"

"कावळ्याला काय कळतंय वय," सासूबाई म्हणाल्या. "कषाय आण. आणि लांबूनच दे."

ह्यांनी गाडी थांबवली आणि तोंड उघडं टाकून मागे वळले.

"बघताय काय?" मी म्हटलं. "चालवा!"