दोन बटणं

आमच्या कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहायची सोयच नाही. आम्ही कायमचे कामगार ती तशीच चालवायचो, कारण आमचा महिन्याचा पगार ठरलेला. कंत्राटी पोरांना नगावर पैसे. ती एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवायची, म्हणजे एक हात पत्रा सरकवायला मोकळा. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं.

त्या दुपारी त्या पोरांतल्या बुटक्याचा हात आत गेला. मनगटापर्यंत चेचला. मी फिटर, ठोकळा वर घेऊन मीच तो सोडवला. मुकादमानं बुटक्याला बाहेर पायरीवर बसवलं, बाकीच्या पोरांना साच्यावरचं रक्त पुसायला लावलं आणि विचारलं, पुढचा कोण? माझा मेव्हणा पुढे झाला. बायकोचा एकुलता एक भाऊ. पाचर त्यानं हातातच धरली होती.

माझं डोकं फिरलं. घण उचलला आणि बटणांची पेटी फोडली, मग मोटर फोडली. मुकादम आडवा आला, त्याच्या जबड्यात एक बुक्की ठेवून दिली. वाटलं, आता पोरं मला डोक्यावर घेतील.

पहिला गुद्दा मेव्हण्याचाच बसला. मग बाकीचे तुटून पडले. बरगड्यांवर लाथा, तोंडात रक्त.

"दाजी, प्रेस बंद पडली तरी तुमचा पगार चालूच राहील," मारता मारता मेव्हणा रडत होता. "आम्ही काय खायचं?"

लाथांपेक्षा तेच जास्त लागलं. कारण खरं होतं.

आमच्यातल्या दोघांनी मला ओढत कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं लगेच खाटेवर घेतलं. दारातून पायरीवरचा बुटका दिसत होता, हात बनियनात गुंडाळलेला, ओठ पांढरे पडलेले. दवाखाना फक्त कायमच्यांसाठी. त्याच्यासाठी गाडी मागवली होती म्हणे.

मी उठून कंपाउंडरची कॉलर पिळली.

"आधी तो."

तो नियम सांगू लागला. मी त्याचं डोकं कपाटावर आपटलं. काच फुटली.

तेवढ्यात मेव्हणा दारात आला. मला वाटलं, उरलेला हिशेब चुकवायला आला. पण त्यानं बुटक्याला उचलून आणलं आणि माझ्या खाटेवर निजवलं. मागून मुकादम माणसं घेऊन येत होता. मेव्हण्यानं दार लोटून दाराला पाठ लावली. मीही त्याच्या शेजारी लावली.

कंपाउंडरनं स्वतःच्या कपाळावरचं रक्त पुसलं आणि बुटक्यासाठी सुई भरायला घेतली. दारावर पहिला धक्का बसला.