खोक्यात बसलेला दुसरा खोका

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. खोका म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बुटांचा खोका उभा राहील, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी गिटारच्या स्पीकरचा खोका आहे. जाणकार लोक मला कॅबिनेट म्हणतात. पण ज्यांनी मला घडवलं ते मिस्त्री मला पहिल्या दिवसापासून खोकाच म्हणतात, आणि घडवणाऱ्याने ठेवलेलं नाव बदलू नये असं माझं मत आहे.

मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान आहे. त्यांच्या लेकीने गिटार शिकायला घेतली तेव्हा ते तिच्यासोबत असला खोका बघायला बाजारात गेले. एकावर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "हा तर दाबलेला भुसा आहे. आवाज काय काढणार हा? चल घरी." मग त्यांनी चांगलं जाड प्लायवूड निवडलं. माझे कोपरे खिळे न मारता, फळ्यांचे दात एकमेकांत गुंतवून जोडले. पोटात दोन स्पीकर बसवले आणि तोंडावर काळं जाळीदार कापड ताणलं. इतकं सगळं केलं, पण उचलायला कड्या लावायच्या विसरले. पहिल्या कार्यक्रमाला मला नेताना लेक आणि तिचा आतेभाऊ यांची कंबर धरली. कड्या दुसऱ्या दिवशी लागल्या.

माझं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. विजेच्या गिटारचा आवाज मुळात गोड नसतो. आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून, म्हणजे ॲम्पमधून, तो येतो तेव्हा मोहोळ उठल्यासारखी नुसती किरकिर असते. मी त्यातली किरकिर गाळतो, बाकीच्याला अंग देतो आणि बाहेर सोडतो. लोक गिटारचं कौतुक करतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. जेवण छान झालं की पातेल्याचं कौतुक कोण करतं?

संध्याकाळी करवत बंद झाली की दुकानातच सराव चाले. आतेभाऊ ड्रम वाजवी. त्याचं खरं नाव काहीही असो, सगळे त्याला धडाम म्हणत. मिस्त्री माझ्या बाजूला स्टूल टाकत, माझ्या अंगाला पाठ टेकत आणि डोळे मिटून बसत. गाणं संपलं की डोळे न उघडता सांगत, "दुसऱ्या ओळीत बोट घसरलं." लेक चिडे. "बाबा, कधीतरी छान म्हणा ना!" त्यावर ते म्हणत, "छान असेल ते मी सांगायला कशाला हवं?"

करवतीच्या आणि रंध्याच्या यंत्राच्या आवाजात जन्म गेला. मिस्त्रींचे कान हळूहळू गेले. कानाला यंत्र लावलं. त्यातून माणसांचं बोलणं कळे, पण गाण्याची नुसती खरखर होई. तरी माझ्या अंगाला पाठ टेकली की त्यांना सगळं समजे. सूर माझ्या लाकडातून त्यांच्या पाठीत जाई. लाकडाशी त्यांची जुनी ओळख होती.

मग घरात मॉडेलर आला. हा एक चपटा, जमिनीवर ठेवायचा डबा. पायाने कळ दाबली की तो कुठल्याही ॲम्पची आणि कुठल्याही खोक्याची हुबेहूब नक्कल करतो. कार्यक्रमात त्याची तार थेट मिक्सरला, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, जोडायची, की सभागृहातल्या मोठ्या स्पीकरमधून तयार आवाज बाहेर. सरावाला कानावर हेडफोन. मला उचलायची गरजच उरली नाही. मला खिडकीखाली सरकवलं आणि माझ्या डोक्यावर व्हार्निशचे डबे आले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, म्हणून मी नऊ दिवस वाट पाहिली. मग मोजायचं सोडून दिलं.

माझं जाऊ द्या. मिस्त्रींचं स्टूलही तेव्हाच उचललं गेलं. लेक विचारायची, "बाबा, कार्यक्रम कसा झाला?" ते म्हणत, "छान." प्रत्येक वेळी छान. चूक काढणारे बाबा तिला कधी आवडले नव्हते, पण चूक न काढणारे बाबा तिला सहनच होईनात. एकदा ती धडामला म्हणाली, "त्यांना काही ऐकू येत नाही रे. माझं मन राखायला बोलतात."

गावातल्या नव्या सभागृहात तिचा मोठा कार्यक्रम ठरला तेव्हा तिने डबे खाली उतरवले आणि माझी धूळ पुसली. मला मंचावर न्यायचं, तिच्या मागे ठेवायचं आणि बाबांनी मला पाठ टेकून बसायचं, असा तिचा बेत होता. मॉडेलरचा आवाज माझ्यापर्यंत ढकलायला तिने मध्ये एक छोटा पॉवर ॲम्प जोडला आणि तार छेडली.

मित्रांनो, माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून मलाच लाज वाटली. तोंडावर गोधडी टाकून कुणी बोलावं तसा कोंदट, बसका आवाज. मिस्त्रींनी पाठ टेकली आणि मान हलवली. "नुसतं घुमतंय. सूर सुटा होत नाही."

"खोका म्हातारा झाला," धडाम म्हणाला.

ते मिस्त्रींना लागलं. त्यांनी माझी मागची फळी उघडली, स्क्रू आवळले, तोंडावरचं कापड बदललं, आतल्या सांध्यांवरून बोट फिरवलं. काही फरक पडला नाही. शेवटी हातातला पेचकस ठेवून ते म्हणाले, "टाकून दे. माझ्याच कामात खोट राहिली असेल." चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी ऐकून होतो. पण इथे माझे सुतारच स्वतःला दोष देत होते, आणि मला तोंड असून सांगता येत नव्हतं.

लेक मात्र मॉडेलरपुढे मांडी घालून बसली. त्याच्या छोट्या पडद्यावर चौकोनांची एक रांग असते. गिटारचा आवाज एका चौकोनातून दुसऱ्यात जात जात बाहेर पडतो. ती एकेक चौकोन बघत शेवटपर्यंत गेली आणि हसायलाच लागली.

"बाबा, इकडे बघा. इथे आधीच एक खोका बसलाय."

शेवटच्या चौकोनात माझ्यासारख्याच एका खोक्याचं चित्र होतं. म्हणजे नकली खोक्याने आवाज आधीच गाळलेला, आणि तोच मी पुन्हा गाळत होतो. दोनदा गाळल्यावर चहात काय उरणार? तिने तो चौकोन बंद केला आणि तार छेडली. मी मोकळा झालो. मिस्त्रींनी घाईने पाठ टेकली आणि बराच वेळ उठलेच नाहीत. नंतर माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाले, "खोट नव्हती."

पण सुखाचा घास लगेच गिळता येत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात जोडणी झाली. मी मंचावर खणखणीत बोलत होतो आणि मिस्त्री स्टुलावर येऊन बसलेही होते. तेवढ्यात पलीकडून मिक्सरवाला ओरडला, "ताई, हे काय मोहोळ पाठवलंय मला?"

नकली खोका बंद केला होता ना! मिक्सरकडे जाणाऱ्या तारेतून आता न गाळलेली किरकिर जात होती आणि मोठ्या स्पीकरमधून ती सभागृहभर चावत होती. तिने चौकोन चालू केला. सभागृह गोड झालं आणि माझ्या तोंडावर पुन्हा गोधडी पडली. बंद केला की मी बरा आणि सभागृह वाईट. आगीतून फुफाट्यात, आणि फुफाट्यातून परत आगीत.

"खोक्यापुढे माइक लावू का?" तिने विचारलं.

"त्यात गिटारपेक्षा तुमचा ड्रमच जास्त येईल," मिक्सरवाला म्हणाला. माणूस प्रेमळ होता, पण त्याचंही बरोबर होतं. "एक काहीतरी ठरवा ताई. दारं उघडायची वेळ झाली. खोका बंद करा ना, नाहीतरी लोकांना माझ्याकडूनच ऐकू जाणार आहे."

लेकीने मागे वळून पाहिलं. मिस्त्री मला पाठ टेकून, डोळे मिटून, तिच्या पहिल्या सुराची वाट बघत होते.

"अर्धं त्याला, अर्धं ह्याला असं नाही का देता येत?" धडाम म्हणाला. तो हे खाऊच्या वाटणीबद्दल बोलावं तसं बोलला. पण लेक झटकन मॉडेलरपुढे बसली.

तिने चौकोनांच्या रांगेत नकली खोक्याच्या अगोदर आवाजाची वाट फोडली. एक फाटा तिथूनच वळवून बाहेर काढला आणि पॉवर ॲम्पमार्फत माझ्याकडे आणला. दुसरा फाटा सरळ पुढे, नकली खोक्यातून गाळून मिक्सरकडे. मला कच्चा आवाज, मिक्सरला गाळलेला. मग तार छेडली. मी स्वच्छ बोललो. पलीकडे मिक्सरवाल्याने नुसता अंगठा वर केला.

त्या नकली खोक्याचा मला राग यायचा. त्या दिवशी गेला. त्याने सभागृह सांभाळलं आणि मी एका माणसाची पाठ. माझं काम छोटं होतं असं मला अजिबात वाटलं नाही.

कार्यक्रम रंगला. लोक उठून गेल्यावर तार गुंडाळता गुंडाळता लेकीने विचारलं, "कसं झालं, बाबा?"

"छान," मिस्त्री म्हणाले. तिचा हात थांबला. मग त्यांनी डोळे उघडले. "पण तिसऱ्या गाण्यात मधल्या तुकड्यात घाई केलीस."

"काय म्हणालात?"

"घाई केलीस म्हणालो. तुलाही कमी ऐकू यायला लागलं का?"

"परत सांगा," ती म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. मिस्त्रींनी ती चूक तिला परत सांगितली, आणि मग आणखी दोन सांगितल्या.

आता मी पुन्हा दुकानात माझ्या जागी आहे. संध्याकाळी करवत थांबते आणि शेजारी स्टूल येतं. मित्रांनो, जुन्या वस्तूचा आवाज बसला तर तिला मोडीत काढण्याआधी तिच्यात आपण काय सोडतोय ते एकदा तपासून बघा. आणि घरात कुणी हल्ली सगळ्यालाच छान म्हणत असेल, तर त्याला पाठ टेकायला जागा करून द्या.