शेजारच्या सीटचा ब्रेक

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून मास्तरांनी त्याच्या तीन कोपऱ्यांवर साखरेचा डबा, मिठाची बरणी आणि बायकोची मोठी कात्री ठेवली होती. चौथ्यावर स्वतःचं कोपर. बायको पलीकडे शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसली होती आणि कात्री हवी असूनही मागत नव्हती. इतक्या वर्षांनी या माणसाने जुनं शहर दाखवायचं मनावर घेतलं होतं. एका कात्रीपायी त्यात खोडा घालायला ती काही खुळी नव्हती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. तो ते इतक्या तत्परतेने दाबायचे की शिकणारे त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणत. दर रविवारी कुणाची ना कुणाची परीक्षा जवळ आलेली असायची, आणि जुनं शहर पुढच्या रविवारवर जायचं. असे रविवार साठता साठता मास्तरांनी क्लास बंद केला. गाडी तेवढी दारात उरली, दोन्ही ब्रेकांसकट.

हमरस्त्याने गेलं तर काय, दोन तासांत पोचतो, ते सांगत होते; पण ते म्हणजे जेवणावळीला जाऊन नुसते हात धुऊन येण्यासारखं. आपण नदीकाठाने जायचं. आधी तळं लागेल, मग चढ, चढावर वळणं, आणि माथ्यावर गाडी थांबवली की खाली सगळं शहर: तटबंदी, दगडी पूल, घड्याळाचा मनोरा.

"इथे दुसरा गिअर," नकाशावर बोट टेकवून ते म्हणाले.

बायकोने मान वर करून पाहिलं. बोट डोंगरावर होतं. रस्ता बराच अलीकडून गेला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्याच महिन्यात स्वच्छ सांगितलं होतं. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब घालून जितकी टिकेल तितकी टिकवायची, आणि गाडी चालवायची नाही. बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, बाई हुशार आहेत, पण त्यांची स्वतःची गाडी किती वाकडी लावलीय बघ. तेवढ्यावर त्यांच्यापुरता तो विषय मिटला होता.

लेकीला फोनवर सुगावा लागला तेव्हा तिने आधी बापाला झाडलं आणि मग स्वतः न्यायची तयारी दाखवली. हमरस्त्याने, दुपारच्या आत परत. मास्तरांनी फोन आईकडे दिला. हिच्याबरोबर जाणं म्हणजे पार्सल होऊन जाणं, असं त्यांचं मत पडलं. भाड्याच्या ड्रायव्हरचं नाव काढल्यावर तर ते दिवसभर घुम्यासारखे बसले.

बायकोला खरं तर त्या शहराची एवढी हौस राहिली नव्हती. पण त्यांची नजर आहे तोवर त्यांना तो माथा एकदा दिसावा, हे तिच्या मनाने घेतलं होतं. आज कात्री टेबलावर अडकल्यामुळे तिला धागा दातांनी तोडावा लागला. तोडला आणि ती म्हणाली, "मी चालवते."

मास्तर हसले. मग ती हसत नाही हे बघून त्यांनी हसू आवरलं.

परवाना होता तिच्याकडे. लग्नानंतर मास्तरांनीच शिकवलं होतं. परवाना हातात पडल्यावर दोघं मोठ्या दिमाखात बाजारात निघाली, आणि तेवढ्याशा वाटेत त्यांनी शेजारून इतक्यांदा ब्रेक दाबला की तिने भर चौकात गाडी बंद केली, किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पिशवी घेऊन पायी घरी आली. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. तेव्हापासून तिचा चाकाशी संबंध मशीनच्या चाकापुरताच.

"तुला आता सवय नाही राहिली," मास्तर जपून म्हणाले.

"पायाने काम करायची? दुसरं काय केलंय मी जन्मभर?" तिने मशीनचं पायडल खडखडवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानामागच्या मोकळ्या रस्त्यावर तालीम ठरली. सुरुवातीला गाडी बेडकासारखी गेली. मग हळूहळू तिच्या पायाला जुनं आठवू लागलं, खांदे खाली आले, तिसरा गिअर अलगद पडला. तेवढ्यात गाडी जागच्या जागी गचकली.

"मी नाही दाबला," मास्तर म्हणाले.

"मग काय गाडीला उचकी लागली?"

पुढच्या वळणावर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. मास्तर ओशाळले होते. पाय ऐकतच नाही गं, म्हणत होते. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तोंड उघडलं असतं तर जुन्या चौकापासूनचं सगळं बाहेर पडलं असतं. सरळ, उन्हाने भरलेल्या रस्त्यावर आली तेव्हा तिला वाटलं, इथे तरी काय अडणार आहे. आणि इतका कचकचून ब्रेक लागला की तिचं कपाळ चाकावर आपटता आपटता राहिलं.

"कुत्रं!" मास्तर ओरडले.

पुढे काहीच नव्हतं. विजेच्या खांबाची सावली रस्त्यावर आडवी पडली होती.

तिने इंजिन बंद केलं. मास्तर काचेला नाक लावून बघत राहिले. मग दार उघडून खाली उतरले, सावलीपाशी गेले, बुटाच्या टोकाने ती चाचपली आणि तिथेच उभे राहिले. बायको आतून त्यांची पाठ बघत होती. आज किल्ली कुणाच्या मांडीवर ठेवावी असं तिला वाटलं नाही. बऱ्याच वेळाने ते परत येऊन बसले.

"मी चाकावर असतो तर," एवढंच म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही.

घरी येऊन त्यांनी नकाशाची घडी घातली, कात्री तिच्या जागी नेऊन ठेवली. ते दिवस फार शांत गेले. लेकीचा फोन आला तेव्हा मास्तर म्हणाले, बरोबर होतं तुझं, आणि हे ऐकून लेकच घाबरली. बायकोनेही मनातून शहरावर पाणी सोडलं. ब्रेक काढून टाका म्हणणं सोपं होतं. पण त्यांच्याकडे आता तेवढाच उरला होता, आणि तो काढा म्हणायला तिची जीभ रेटेना.

रविवारी उजाडताना तिला जाग आली ती खडबडाटाने. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात उभे होते आणि पाण्याची बाटली भरायच्या नादात अर्धा ओटा भिजला होता. अंडी उकडायला घातलीत, ते म्हणाले, तू आवर. ऊन तोंडावर यायच्या आत तळं गाठायला हवं.

गाडीपाशी येऊन ती चाकामागे बसली. मास्तरांनी शेजारचं दार उघडलं, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट मागच्या सीटवर ठेवले. मग उंच्यापुऱ्या माणसाने त्या अरुंद जागेत एक पाय उचलून घेतला, दुसरा हाताने ओढून घेतला आणि चक्क मांडी घातली. गुडघे एकीकडे दाराला, दुसरीकडे गिअरला. पट्टा लावून म्हणाले, "चल."

ती काहीतरी गमतीचं बोलणार होती. त्याऐवजी तिने किल्ली फिरवली.

वाटेत ते सांगत गेले आणि ती बघत गेली. आता डावीकडे झाडी संपेल, तळं दिसेल. दिसलं का? दिसलं. पाणी कसं आहे? धुतलेल्या पत्र्यासारखं. चढावर एक ट्रक अंगावर आल्यासारखा वळला. तिने ब्रेक दाबला, गिअर उतरवला, कडेने गाडी काढली. शेजारचे गुडघे थाडथाड उडाले, पण मांडी सुटली नाही.

माथ्यावर तिने गाडी लावली. खाली कोवळ्या उन्हात तटबंदी, पूल, मनोरा, अगदी त्यांनी सांगितल्यासारखं. ती उतरली, वळसा घालून आली, दार उघडलं. मास्तर हलेनात.

"काय झालं? दिसत नाही का हो?" तिने वाकून विचारलं.

"पूल दिसतोय. मनोऱ्याचं टोक पण दिसतंय." ते दोन्ही हातांनी पोटऱ्या चोळत होते. "पायांना मुंग्या आल्यात गं. निघाल्यापासून हलवले नाहीत. थांब जरा."

मग ती तिथेच दाराशी खाली बसली, आणि तिने त्यांचा एकेक पाय हळूच सरळ करून, बूट चढवून, नाड्या बांधून दिल्या.