चर्चच्या टेकडीवरची तापती पुडी

"मूठ घट्ट धरा! उघडली की देव उडाला!" टेकडीच्या पायथ्याशी देवऋषी गुंडप्पा ओरडत होता. माणसागणिक फडक्याची एक पुडी, तिच्यावर तांब्यातलं 'तीर्थ', आणि चला वर, चर्चच्या दारापर्यंत! तिथं पोचेतो मुठी तापत, म्हणजे देव आला, आता रोग जाणार! बाया रडत, म्हातारे हात जोडत. चर्चचे पाद्री रविवारीच येत, त्यांना या प्रकाराचा पत्ताही नव्हता. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, पण जळकोटपासून दवाखाना आणि पाऊस दोन्ही लांबच. लोकांनी जावं तरी कुठं?

निवृत्ती मास्तर मात्र आतून जळत होते. त्यांच्या बायकोला, चांगुणाला, टीबी होता. गुंडप्पानं फर्मावलं होतं, "गोळ्या बंद! देवाला वाटेकरी चालत न्हाई." बाईनं त्या दिवसापासून गोळ्या सोडल्या. आता खोकल्यातून रक्त पडत होतं. मास्तरांनी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. काही उपयोग नाही. आज तिला आधार देऊन तेच टेकडी चढवत होते. पोरांना विज्ञान शिकवणारा माणूस!

अर्ध्यातच चांगुणाचा दम संपला. ती दगडावर बसली आणि थोड्या वेळानं किंचाळली, "आवं, तापली!"

"अगं, पण आपण वर कुठं गेलोय?" मास्तरांनी पुडी हिसकावून फाडली. आत पांढरा खडा, फुटून भुगा होत होता, वाफ सोडत होता.

"कळीचा चुना हाय हा!" ते लोकांना ओरडून म्हणाले. "पाणी लागलं की तापतो. तापायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही वर पोचता. घरी बसलात तरी तापंल!"

गुंडप्पा तांब्यासकट धावत आला. "बघा रे! बाईला चढवंना, तर देवच खाली आला!"

झालं! लोक चांगुणाच्या पाया पडू लागले. मास्तरांना रडूच कोसळलं.

चांगुणा लाल झालेल्या तळव्याकडे बघत होती. "दिवाळीला भिंती रंगवायला भिजवतो, तोच की हा," ती हळूच म्हणाली. "डेऱ्यात असाच रटरटतो. द्या गोळी."

खिशातली गोळी मास्तरांनी काढली, पण पाणी? त्या दुष्काळात टेकडीवर तांब्या एकच, गुंडप्पाचा. त्यातल्याच घोटानं तिनं गोळी गिळली.

"माझ्या तीर्थानं बरी होणार!" तो गरजला. लोकांनी माना डोलावल्या. मास्तर तिला धरून खाली उतरू लागले. करणार काय?

लोक पुड्या घेऊन चढतच राहिले. बाबांनो, कुणी मूठ झाकायला सांगितली, तर आधी उघडून बघा. आणि औषध बंद करायला सांगितलं, तर पुडी बघायचीही गरज नाही, सरळ दवाखान्याची वाट धरा.