वासंतीचं नाव लागतं

टोपण काढून पेनाच्या मागे खोचलेलं होतं. टोपणाची क्लिप जरा वाकलेली, तिच्यात प्रतापरावांच्या खिशाचा एक पांढरा दोरा अडकलेला... वासंतीचं लक्ष त्या दोऱ्यावरच राहिलं. तिला तेवढासुद्धा त्रास नको म्हणून टोपण ते स्वतः काढून द्यायचे. पेनाखाली अर्ज होता आणि अर्जावर, खाली उजव्या कोपऱ्यात, त्यांचं बोट.

"इथे कर. परवा शेवटची तारीख आहे. तुझं नाव पहिलं घातलंय, तुझं नाव लागतं."

लागतं तर! नव्या कंपनीचे शेअर निघाले की लोकांची झुंबड उडायची, मग सोडत, आणि घरातल्या चौघांच्या नावाने चार अर्ज टाकले तरी नंबर लागायचा तो वासंतीचाच. इंदिरानगरच्या त्या गल्लीत याचं कोण कौतुक होतं. शेजारचे कानडी आप्पाजी तर चेक जोडण्याआधी अर्ज घेऊन दारात यायचे — "अक्का, स्वल्प हात लावा याला." आणि सही? आप्पाजींचे कागद सही जुळत नाही म्हणून कंपनीकडून परत यायचे, हिचा एकही कधी आला नाही. तिची सही एका वळणाची, म्हातारपणीही न हललेली. प्रतापराव चारचौघांत सांगायचे, "आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंची सही म्हणजे छाप आहे, छाप." आणि ती लाजायची. लाजायची मेली! आता आठवलं की अंगाची आग होत होती.

सकाळी रणजीत आला होता, बायकोला घेऊन, म्हैसूरपाकाचा डबा घेऊन. बेळ्ळंदूरला साइट घेतली म्हणे, घर बांधायला प्लॉट, तळ्याच्या बाजूला. "आता तिथे बेडकांशिवाय कुणी नाही आई, पण दहा वर्षांनी बघ." तिने कौतुकाने तुकडा तोंडात घातला, कौतुकानेच विचारलं, एवढा पैसा कुठून रे काढलास? "अगं, अण्णांनी ते शेअर माझ्या नावावर करून दिले होते ना, तेच विकले." कुठले शेअर? "तुझेच की. तूच तर सह्या केल्यास!" आणि हसला. त्या हसण्यात कपट असतं तर बरं झालं असतं — पण पोराला खरंच वाटत होतं की आईला सगळं ठाऊक आहे. श्यामला तेवढी एकदम पदर सावरून उठली, भांडी आत नेते म्हणाली. तिला कळलं. सुनेला कळलं, नि सदतीस वर्षं ज्यांच्याबरोबर संसार केला त्यांना...

तो तिचा फंड होता. मुलींच्या शाळेत घसा फोडून मिळवलेला. निवृत्त झाली त्या वर्षी पाडव्याला तिने तो चेक देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि यांच्या हातात दिला. घरातली रीतच तशी, पैसा आधी देवाला, मग यांच्या हाताला, यांच्या हाताला यश आहे म्हणून. तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, घर रणजीतला जाऊ दे, हे मात्र माझं, माझ्यामागे लेकीला, हर्षिताला. "सरी, ठीक आहे, तसंच करू," ते म्हणाले होते. "पैसा नुसता बँकेत पडून राहिला की कुजतो, मी शेअर घेतो तुझ्या नावाने." समईसमोर म्हणाले होते.

हर्षिता... यशवंतपूरला दोन खोल्यांत राहते, नवऱ्याचं लेथचं वर्कशॉप बंद पडलंय, पण तोंडातून ब्र नाही. जातीबाहेर लग्न केलं म्हणून बापाने दोन वर्षं तिचं नाव टाकलं होतं, नंतर बोलायला लागले, जेवायला बोलवायला लागले. वासंतीला वाटलं, निवळलं सगळं. गेल्या महिन्यात हर्षिता आली तेव्हा तिच्या डोक्याला तेल लावता लावता वासंती म्हणाली होती, काळजी करू नकोस गं, तुझं मी वेगळं ठेवलंय. "असू दे गं आई," पोर म्हणाली, पण मानेचा ताण सैल झालेला बोटांना कळला होता. आता त्या मानेला काय सांगू मी?

सह्या कधी केल्या? फोडणीच्या वेळी. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, कागद पाटीवर, टोपण काढलेलं, बोट ठेवलेलं — इथे, नि इथे. ती ओला हात पदराला पुसून करायची. पालकांच्या सभेत ती ठणकावून सांगायची, प्रगतिपुस्तक न वाचता सही करू नका म्हणून. न वाचता केलेली दिसली तर पुस्तक परत पाठवायची. तीच बाई! केसाने गळा कापायचा तर मान अशी पुढे करून देणारं माणूस मिळावं लागतं.

रणजीत गेल्यावर तिने विचारलंच.

"अगं, नाव कुणाचं का असेना, घरातच आहे ना? माझ्यामागे तुला कोर्टकचेऱ्या नकोत म्हणून जिवंतपणीच मार्गी लावतोय एकेक."

"आणि हर्षिता?"

"तिचं बघू."

बघू. मग जेवले, दहीभात मागून घेतला, आणि घोरत पडले. ती पलंगाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. हेच तोंड. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं कुणापाशी?

आणि आता चहा झाल्यावर हा अर्ज.

"हे हर्षितासाठी," प्रतापराव म्हणाले. तिच्याकडे न बघता, टेबलाकडे बघत. "लागले की तिच्या नावावर करू. मग तर झालं?"

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. साखर चोरून खाल्ली तरी ओठांवरून ओळखणारी ती... पण तिला काही कळेना. खरं असेल. दुपारभर टोचलं असेल, खरंच देत असतील. किंवा नसतील. चेहरा तोच होता, समईसमोरचा.

"ठेवा," ती म्हणाली. "वाचते."

"त्यात वाचायचं काय? छापील आहे सगळं." ते हसले. बोट तिथेच होतं.

तिने चष्मा लावला. टोपण पेनाला घट्ट बसवलं आणि पेन बाजूला ठेवलं. बोट जरा वेळ राहिलं, मग उचललं गेलं. ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, प्रत्येक अक्षरावरून नजर नेत, मुलींचे पेपर तपासायची तशी, आणि निम्म्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की कुठेतरी रणजीतचं नाव सापडावं म्हणून आपण जीव गोळा करून वाट बघतोय. सापडलं असतं तर निदान भांडता आलं असतं. ते अजून सापडलं नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटायला लागली होती.